धुणं-पुसणं हेही इंजिनीअरिंगच!

आपल्या मराठी विभागात दरवर्षी पावसावर लेख येतो, मेसच्या डाळीवर येतो आणि मैत्रीवर तर हमखास येतो. यंदा एक लेख गाडी धुण्यावर! तीही आपल्या पार्किंगमधली साधीसुधी गाडी नाही, तर अमेरिकेतला 'ट्रॅव्हल ट्रेलर'. विषय ऐकून हसू आलं असेल तर हसून घ्या, पण लेख शेवटपर्यंत वाचा. (माझं मराठी 'कॉन्व्हेंट'चं आहे, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घही सांभाळून घ्या!)

ट्रॅव्हल ट्रेलर म्हणजे चाकांवरचं घर. त्याला इंजिन नसतं. पुढे एक दणकट गाडी जोडायची आणि घर ओढत न्यायचं. आत बिछाना, छोटं स्वयंपाकघर, बाथरूम, सगळं काही. इंडियाना राज्यातलं एल्कहार्ट हे गाव अशा गाड्या बनवण्यासाठी प्रसिद्ध आहे. आणि सिनेमात आपण पाहतो तो चकचकीत, गोळीच्या आकाराचा चंदेरी ट्रेलर म्हणजे 'एअरस्ट्रीम'. तो ओहायो राज्यातल्या जॅक्सन सेंटर या गावी बनतो. त्याची गोष्ट आपल्यासाठी फारच इंटरेस्टिंग आहे. १९२७ साली लिंडबर्गने ज्या विमानातून एकट्याने अटलांटिक ओलांडला, ते विमान बांधण्याच्या कामावर देखरेख करणारा हॉली बोलस हा माणूस. त्याने १९३४ मध्ये ॲल्युमिनियमच्या पत्र्याचा, रिव्हेट मारलेला एक ट्रेलर बनवला. वॉली बायमने तेच डिझाइन पुढे नेलं आणि १९३६ मध्ये एअरस्ट्रीमचा 'क्लिपर' बाजारात आणला. म्हणजे विमानाचं तंत्र चक्क सहलीच्या घराला लागलं!

पण डिझाइनच्या गोष्टी सगळेच सांगतात. मला सांगायचंय ते त्यानंतरचं. गाडी बनून बाहेर पडली की पुढची वीस वर्षं तिचं काय होतं?

माझा मामा ओहायोमध्ये असतो. इंजिनीअर आहे. त्याने एक जुना, सेकंडहँड ट्रेलर घेतलाय. हा एअरस्ट्रीम नाही, फायबरग्लासच्या भिंतींचा साधा ट्रेलर. वर्षातून दोनदा, उन्हाळ्याच्या आधी आणि थंडीच्या आधी, तो शनिवारी शिडी लावून तो ट्रेलर स्वतः धुतो आणि त्याला व्हॅक्स लावतो. एकदा व्हिडिओ कॉलवर आजीने हे पाहिलं आणि म्हणाली, "एवढा शिकला आणि तिकडे जाऊन गाड्या धुतोय!" मम्मीनेही मान डोलावली. माझा हा अख्खा लेख म्हणजे आजीच्या त्या एका वाक्याला उत्तर आहे. (आजी, रागावू नकोस गं.)

आधी थोडा हिशोब करू, कारण आपल्याला आकडे दाखवल्याशिवाय काही पटत नाही. समजा ट्रेलर २५ फूट लांब, ८ फूट रुंद आणि त्याच्या भिंती ८ फूट उंच. चारही भिंतींचं क्षेत्रफळ झालं ५२८ चौरस फूट. आपल्या हॉस्टेलची रूम १० बाय १२ धरली तर ही झाली साधारण साडेचार रूम्सची फरशी. आता ही भिंत एकदा धुवायची, एकदा कोरडी करायची, एकदा व्हॅक्स लावायचं आणि ते सुकून पांढुरकं झालं की पुन्हा एकदा घासून काढायचं. म्हणजे हात चार वेळा फिरणार. साडेसतरा रूम्सची फरशी, तीही उभी आणि शिडीवरून! छताचे २०० चौरस फूट वेगळेच. स्वतःच्या रूमला महिन्यातून एकदा झाडू मारतानाही आपला जीव जातो, हे आठवा.

बरं, हे सगळं कशासाठी? नुसतं चमकण्यासाठी? इथेच आपली गल्लत होते.

फायबरग्लासच्या वर रेझिनचा एक रंगीत थर असतो, त्याला 'जेलकोट' म्हणतात. जाडी साधारण अर्धा मिलिमीटर. उन्हातले अतिनील किरण या रेझिनची साखळी हळूहळू तोडतात. मग पृष्ठभाग निस्तेज होतो, बोट फिरवलं तर खडूसारखी पांढरी भुकटी हाताला लागते. एकदा असं झालं की पॉलिश कंपाउंडने घासून वरचा मेलेला थर काढावा लागतो आणि दरवेळी जेलकोट थोडा थोडा झिजत जातो. व्हॅक्सचा थर मायक्रॉनच्या हिशोबातला, पण आधी ऊन-पाऊस-धूळ झेलतो तो. तो झिजतो आणि त्याच्या खालचा जेलकोट वाचतो. तो झिजण्यासाठीच असतो. म्हणून तर वर्षातून दोनदा लावायचा. यातलं कार्नौबा व्हॅक्स ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरून मिळतं आणि ते ८० अंश सेल्सिअसच्या वर गेल्याशिवाय वितळत नाही, त्यामुळे उन्हात तापलेल्या पत्र्यावरही टिकतं. व्हॅक्स लावलेल्या भिंतीवर पाण्याचा 'कॉन्टॅक्ट अँगल' ९० अंशांपेक्षा जास्त होतो. थेंब गोल होऊन घसरतो आणि जाताना धूळही घेऊन जातो. सेकंड इयरला तोंडपाठ केलेलं सरफेस टेन्शन शेवटी इथे कामाला आलं म्हणायचं!

धुण्याच्या पद्धतीतही डोकं लागतं. सुरुवात छतापासून. बऱ्याच ट्रेलर्सचं छत ईपीडीएम रबराचं असतं. तेही वयाप्रमाणे भुकटी सोडतं आणि पावसाबरोबर भिंतींवर ओघळ उतरतात. आधी भिंती धुऊन मग छत धुतलं तर सगळी मेहनत पाण्यात. त्या रबरावर रॉकेल-पेट्रोलच्या जातीचं काही लावायचं नाही, रबर फुगतं. साबण गाडीचाच घ्यायचा, कारण भांड्यांचा साबण तेलकटपणा काढण्यासाठी बनवलेला असतो आणि तो आधीचं व्हॅक्सही उतरवतो. व्हॅक्स लावायचं ते सावलीत, गार पृष्ठभागावर, थोड्या थोड्या भागात. भर उन्हात लावलं तर ते लगेच कडक होतं आणि निघता निघत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे प्रेशर पंपाचा फवारा सांध्यांवर अगदी जवळून मारायचा नाही. खिडक्या, दिवे, छताच्या कडा या सगळ्या ठिकाणी सीलंट असतं. जोरदार पाणी ते उखडून आत घुसतं. भिंतीत फायबरग्लासच्या मागे पातळ प्लायवूड आणि फोम चिकटवलेला असतो. पाणी तिथे पोचलं की गोंद सुटतो, भिंतीला फुगे येतात, लाकूड कुजतं. मग मात्र दुरुस्तीचा खर्च ट्रेलरच्या किमतीशी स्पर्धा करतो.

आता माझा मुख्य मुद्दा. मामा म्हणतो की धुणं हे निमित्त आहे, खरं काम तपासणीचं. साडेसतरा रूम्सएवढ्या जागेवरून हात फिरतो तेव्हा प्रत्येक इंच डोळ्यांखालून जातो. इथे सीलंटला चीर पडलीय, इथे स्क्रूभोवती तपकिरी डाग आलाय, इथे भिंत दाबली तर मऊ लागतेय. चीर दिसली त्या दिवशी सीलंटची एक नळी पुरते. दोन पावसाळ्यांनंतर तीच चीर अख्खी भिंत मागते. एअरस्ट्रीमवाल्यांचंही तेच. त्या ॲल्युमिनियमवर पारदर्शक लेप असतो. अमेरिकेच्या उत्तर भागात हिवाळ्यात रस्त्यांवर बर्फ वितळवायला मीठ टाकतात. ते मीठ रिव्हेटपाशी, कापलेल्या कडांपाशी लेपाखाली शिरतं आणि धाग्यासारख्या नक्षीने गंज पसरू लागतो. लांबून ट्रेलर चांदीसारखाच दिसतो. तो धागा दिसतो फक्त फडकं हातात असलेल्याला.

म्हणजे ज्याचा हात गाडीवरून फिरतो, गाडी त्यालाच बोलते. मग माझा प्रश्न असा की आपल्याकडे तो हात कोणाचा असतो?

आमच्या सोसायटीत एक काका सकाळी सहाला बादली घेऊन येतात आणि पंधरा-सोळा गाड्या पुसतात. एका गाडीचा दरवाजा उघडला की आतून पाणी हलल्याचा आवाज येतो, हे त्यांनी मालकाला सांगितलं. दरवाजाच्या खालच्या कडेला पाणी जायला बारीक छिद्रं असतात, ती चिखलाने बुजली होती. मालक म्हणाले, "तुम्ही पुसा हो, ते गॅरेजवाला बघेल." पुढच्या वर्षी दरवाजा खालून सडला. दोष ओळखणारा माणूस रोज गाडीपाशी हजर होता, पण त्याचं म्हणणं लिहून घ्यायला आपल्या व्यवस्थेत रकानाच नाही!

खरं सांगायचं तर आपल्याकडे धुण्या-पुसण्याचं काम 'कोणाचं' हे आधीच ठरलेलं असतं. घरात ते बाईचं आणि घराबाहेर 'त्या' लोकांचं. शिकलेल्याने त्याला हात लावला की आजीला वाईट वाटतं. गाडगेबाबांनी आयुष्यभर हातात खराटा घेऊन गावं झाडली. आपण काय केलं? २००० साली त्यांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं, भिंतींवर फोटो लागले, पण खराटा ज्यांच्या हातात होता त्यांच्याच हातात राहिला. इंजिनीअरिंगमध्येही हीच उतरंड आहे. सगळ्यात वर डिझाइन, मग प्रॉडक्शन आणि तळाला मेंटेनन्स. प्लेसमेंटच्या वेळी 'मेंटेनन्स प्रोफाइल' म्हटलं की सगळ्यांचे चेहरे पाहा! मी मुलगी असून मेकॅनिकलला आले तेव्हा नातेवाईक म्हणाले, "हात काळे होतील." मला वाटतं, हात काळे न होता जो इंजिनीअर होतो त्याच्या डिझाइनमध्ये पाणी साठणारे कोपरे हमखास सापडतात, कारण तो कोपरा पुसायची वेळ त्याच्यावर कधी आलेलीच नसते.

कोणी म्हणेल, "इथे प्यायला पाणी नाही आणि ही बाई गाड्या धुवायला सांगतेय!" मुद्दा अगदी बरोबर. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं, हे आपण विसरू शकत नाही. पण म्हणूनच व्हॅक्सचं महत्त्व जास्त. धूळ कमी चिकटली तर पाणी कमी लागतं, पाइप मोकळा सोडण्याऐवजी दोन बादल्यांत काम होतं. एक बादली साबणाची आणि दुसरी फडकं खंगाळायची. उलट पाणी वाचवायचं म्हणून आपण रोज कोरड्या फडक्याने धूळ झटकतो, ते सगळ्यात वाईट. धुळीत क्वार्ट्झचे कण असतात, मोह्सच्या प्रमाणात त्यांची कठीणता ७. गाडीच्या रंगावरून ते फिरवणं म्हणजे पॉलिश पेपर मारण्यासारखंच.

दुसरा आक्षेप गंभीर आहे. सगळे आपापली गाडी धुवायला लागले तर त्या काकांनी काय करायचं? मी त्यांचं काम काढून घ्या असं म्हणतच नाही. उलट मी म्हणते, ते काम एकदा स्वतः करून पाहा म्हणजे त्याची किंमत कळेल. पैशांतली किंमतही आणि ज्ञानातलीही. साडेसतरा रूम्सची फरशी एकदा उभ्याने पुसली की कोणी "तुम्ही फक्त पुसा हो" म्हणणार नाही.

आणि हा विषय आता फक्त अमेरिकेचा उरलेला नाही. २०२१ मध्ये महाराष्ट्राने कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. उद्या अशी घरं कोकणातल्या खाऱ्या हवेत आणि आपल्या पावसात उभी राहतील. बनवणारे मिळतील हो. त्या चिरा वेळेत पाहणारे कोण असतील?

म्हणून वर्कशॉप विभागाला आणि सरांना एक नम्र विनंती. कॉलेजच्या बसेस धुतल्या जातात तेव्हा दरवेळी थर्ड इयरची एक बॅच बादल्या घेऊन तिथे हजर असावी. धुणाऱ्या मामांनी शिकवावं, आम्ही शिकावं. शेवटी एक कागद भरायचा. कुठे गंज, कुठे सुटलेलं रबर, कुठे बुजलेलं छिद्र आणि दुरुस्ती कोणत्या तारखेपर्यंत. त्या कागदावर पहिली सही मामांची, दुसरी विद्यार्थ्याची आणि तिसरी सरांची. टर्मवर्कमध्ये पाच मार्क दिलेत तरी चालेल. (मार्क म्हटल्यावर पोरं येतात, हे सरांना वेगळं सांगायला नको!)

फिटर-टर्नरचे जॉब आपण झेरॉक्ससारखे एकमेकांचे पाहून करतो आणि व्हायव्हा झाली की विसरतो. या कागदावर मात्र लिहिलेली चीर खरी असेल, आणि ज्या बसने आपण इंडस्ट्रियल व्हिजिटला जातो त्याच बसवर असेल.

– तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी
(मुलींचे वसतिगृह)