ताट रिकामे परत जाऊ नये

महिन्यांमध्ये मार्गशीर्ष ही आपली विभूती होय, असे भगवंतांनी गीतेच्या दहाव्या अध्यायात सांगितले आहे. याच महिन्यात गीताजयंती येते, दत्तजयंती येते; आणि ख्रिस्ती बांधवांचा नाताळही बहुधा याच सुमारास अथवा पौषाच्या आरंभी येतो. २०२३ साली नाताळ २५ डिसेंबरला व दत्तजयंती लगेच दुसऱ्या दिवशी, २६ डिसेंबरला होती. त्या वर्षी दत्तजन्माच्या कीर्तनासाठी आम्ही पंढरपुराहून कांजूरमार्ग येथे गेलो होतो. तेथे एका ताटाने आम्हांस जो धडा दिला, तो आज वाचकांपुढे ठेवावयाचा आहे.

कांजूरमार्ग हे मुंबईच्या मध्य रेल्वेवर विक्रोळी व भांडुप यांच्या मधले स्थानक. पश्चिमेस लाल बहादूर शास्त्री मार्गाच्या कडेने एके काळी कारखान्यांचे भोंगे वाजत. आता त्यांतील पुष्कळ जागांवर मनोरे उभे आहेत. पूर्वेस कांजूर गाव, आणि त्यापलीकडे मिठागरे व खाडी. गावातील ज्या घरी आमचा उतारा होता, त्या घरचा कर्ता पुरुष कारखाना बंद पडल्यापासून मिळेल ते काम करीत होता. घर नेटके, देव्हारा लख्ख, आदरातिथ्यात तिळभर उणे नाही. परंतु महिन्याची वीस तारीख उलटली की डबे खडखडू लागतात, हे जाणत्याच्या नजरेतून सुटत नाही.

त्या घराच्या मांडणीवर एक ताट वेगळे ठेवलेले होते. त्यावर क्रोशाने विणलेला पांढरा रुमाल घडी करून ठेवला होता. ते रोजच्या वापरात नव्हते. आम्ही सहज विचारले, तेव्हा घरच्या सूनबाई गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "बुवा, तीन घरे सोडून मावशी राहतात, ख्रिस्ती आहेत. गेल्या नाताळात त्यांनी हे ताट पाठवले. न्यूऱ्या होत्या, कुलकुल होते, पेरूच्या वड्या होत्या. दुकानातली लहानात लहान पेटी चारशेची, तेवढे काही जमले नाही. आज देऊ, उद्या देऊ, करता करता वर्ष झाले. आता त्या समोरून आल्या तर मीच गल्ली बदलते. घेतलेले ताट रिकामे परत देऊ नये म्हणतात ना? मग भरून देण्याची ऐपत नसेल तर ते ठेवून घेतलेले चालते का?"

वाचकहो, चाळीस वर्षे आम्ही व्यासपीठावर उभे राहून दानाचा महिमा सांगत आलो आहोत. या प्रश्नाचे उत्तर मात्र तत्काळ देता आले नाही. ताट घरात राहिले आणि शेजारधर्म उंबऱ्याबाहेर गेला. मावशींना वाटले असेल, या घराला आपले पदार्थ आवडले नाहीत. सूनबाईंना वाटले, मावशी आपल्याला कृतघ्न समजत असतील. दोघींच्या मनात एकमेकींविषयी ओलावा असूनही चारशे रुपयांच्या एका पेटीने मध्ये भिंत उभी केली होती. दारिद्र्याचे खरे दुःख पुष्कळदा खाण्यात नसते, ते देण्यात असते.

त्या रात्री आम्ही भागवताचा दशम स्कंध पुन्हा उघडला. ऐंशी व एक्याऐंशी या दोन अध्यायांत ज्या दरिद्री ब्राह्मणाची कथा आहे, त्याला आपण सुदामा म्हणून ओळखतो. आपण ही कथा इतक्या वेळा ऐकली आहे की तिच्यातील बारकावे आता ऐकू येत नाहीत. पहिला बारकावा हा की ते पोहे सुदाम्याच्या घरचेही नव्हते. त्याच्या पत्नीने आसपासच्या ब्राह्मणांच्या घरून चार मुठी पोहे मागून आणले आणि फडक्याच्या तुकड्यात बांधून दिले. दुसरा बारकावा असा की द्वारकेत पोहोचल्यावर सुदाम्यास लाज वाटली, आणि त्याने मान खाली घालून ती पुरचुंडी पुढे केलीच नाही. म्हणजे कांजूरच्या त्या माउलीचे जे झाले, तेच सुदाम्याचेही झाले होते!

तिसरा बारकावा सर्वांत महत्त्वाचा. भगवंत विचारतात, माझ्यासाठी घरून काय भेट आणलीस? मूळ संस्कृतात 'गृहात्' असा स्पष्ट शब्द आहे. बाजारातून काय आणलेस, असे द्वारकाधीश विचारीत नाहीत. बाजार त्यांच्या दारातच होता, सोन्याची नगरी होती. जे द्वारकेत मिळत नव्हते ते सुदाम्याच्या घरी होते, आणि त्याचीच त्यांनी मागणी केली. त्या ठिकाणी भेटीसाठी 'उपायन' हा शब्द योजिला आहे. 'उप' म्हणजे जवळ आणि 'अयन' म्हणजे जाणे. जी घेऊन आपण दुसऱ्याच्या जवळ जातो ती भेट. जी नसल्याच्या लाजेने आपण दूर पळतो, ती भेट कितीही किमती असली तरी उपायन या नावास पात्र नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सूनबाईंना एवढेच विचारले, "दत्तजन्माचा प्रसाद काय करणार?" त्या म्हणाल्या, "सुंठवडा." आम्ही म्हणालो, "मग ताट भरलेच की!"

हे कसे, ते सांगतो. नाताळ हा शब्द पोर्तुगीजांकडून आपल्याकडे आला. त्याचे मूळ लॅटिन भाषेत असून तेथे त्याचा अर्थ 'जन्माचा' असा आहे. तो लॅटिन धातू व आपला 'जन्' धातू हे एकाच कुळातील होत. म्हणजे आपण 'जात' म्हणतो, 'जातक' म्हणतो, तीच वस्तू फिरून नाताळ या शब्दात आली आहे. आणि आपल्याकडे जन्माचा पदार्थ कोणता? रामनवमीला, गोकुळाष्टमीला, दत्तजयंतीला आपण सुंठवडाच वाटतो, कारण सुंठ ही बाळंतिणीची. सुंठ, भाजलेले सुके खोबरे, पिठीसाखर, थोडी खसखस व वेलची कुटून एकत्र केली की झाले. इतका स्वस्त, इतका टिकाऊ आणि प्रसंगास इतका अनुरूप दुसरा पदार्थ शोधून सापडावयाचा नाही.

आम्ही एक पथ्य मात्र सांगितले. देवास नैवेद्य दाखविण्यापूर्वीच मावशींचा भाग बाजूला काढावा. काही ख्रिस्ती घरांत अन्य देवतांना अर्पिलेले अन्न घेत नाहीत. आपल्या भेटीने समोरच्याला संकोचात टाकणे हा शेजारधर्म नव्हे. देणाऱ्याची श्रद्धा आणि घेणाऱ्याची श्रद्धा, दोहोंचा मान राहील तीच भेट शुद्ध.

नाताळाच्या सकाळी सूनबाई व त्यांची शाळकरी कन्या ते ताट घेऊन निघाल्या. आम्हीही मागोमाग गेलो, हे कबूल करावयास हरकत नाही. दार उघडताच मावशींनी आधी ताट ओळखले, मग रुमाल उचलला. वाटीतील सुंठवडा हातावर घेऊन तोंडात टाकला आणि म्हणाल्या, "मायबाई बाळंतीण झाली, तिला सुंठ पाहिजेच की गो!" वर्षभराचा अबोला त्या एका वाक्यात सुटला. आमच्या पूर्वरंग-उत्तररंगांना जे साधले नसते, ते चार चमचे सुंठवड्याने साधले.

ज्यांना या शेजाऱ्यांविषयी परकेपणा वाटतो, त्यांच्यासाठी दोन शब्द. मुंबई, साष्टी व वसई येथील या मूळच्या ख्रिस्ती समाजास 'ईस्ट इंडियन' हे नाव १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवाच्या वर्षी मिळाले. भाषा मात्र मराठीच राहिली. लोकमान्यांचे सहकारी आणि १९१६ च्या होमरूल लीगचे पहिले अध्यक्ष बॅरिस्टर जोसेफ बॅप्टिस्टा हे याच समाजातले. त्यांच्या लग्नात विहिरीचे पाणी वाजतगाजत आणतात, त्या विधीस 'उंबराचं पाणी' म्हणतात. ज्या औदुंबरातळी आपण दत्तगुरूंचे दर्शन घेतो, त्याचे नाव त्यांच्या मंगलकार्यात टिकून आहे. त्यांची न्यूरी ही आपल्या करंजीचीच बहीण; गोव्यात तर नेवरी चतुर्थीला हिंदू घरी होते आणि नाताळात ख्रिस्ती घरी. तळण एकच, निमित्त दोन.

आता ज्यांचे शेजारी, मुलांचे सवंगडी किंवा कार्यालयातील सहकारी ख्रिस्ती आहेत, आणि ज्यांचा हात महिनाअखेर आखडलेला असतो, त्यांनी काय करावे? दुकानाच्या काचेपुढे उभे राहण्यापूर्वी घरात एकदा फिरून पाहावे. डब्यात रवा आहे, त्याचे लाडू होतात. थंडीचे दिवस आहेत, तीळ व गूळ यांच्या वड्या होतात. जुन्या सुती साडीचे दुपटे शिवले तर शेजारच्या तान्ह्या बाळाला त्याहून मऊ वस्त्र विकत मिळत नाही. कुंडीतील गवती चहाचे एक ठोंब जुन्या डब्यात लावून दिले, तर तो वर्षभर आपली आठवण देत राहतो.

मुलांच्या हाती आकाशकंदील द्यावा. दिवाळीतील कंदिलाच्या कामट्या बहुधा माळ्यावर पडून असतात. पाच कामट्यांची एक चांदणी, अशा दोन चांदण्या बांधाव्यात. त्यांची पाचही टोके दोऱ्याने एकत्र घट्ट बांधावीत, आणि आतल्या पाच कोपऱ्यांत बोटभर लांबीचे तुकडे उभे अडकवावेत, म्हणजे दोन्ही चांदण्या मध्ये फुगून अंतर धरतात. त्यावर पिठाच्या खळीने पतंगी कागद चिकटविला की नाताळाचा तारा तयार. आपल्या दिवाळीचा सांगाडा आणि त्यांच्या नाताळाचा प्रकाश! खर्च कागदाचा. आणि काहीच जमले नाही, तर स्वच्छ अक्षरांत चार ओळींचे पत्र लिहावे. कोणत्याही वर्षी कोणाच्या उपयोगी पडलो होतो व कोण आपल्या उपयोगी पडले होते, हे त्यात असावे.

येथे काही शंका संभवतात. पहिली शंका गृहिणींची: पैसा वाचला, पण श्रम आमच्याच माथी! ही तक्रार रास्त आहे. म्हणून खोबरे घरच्या पुरुषांनी किसावे, सुंठ त्यांनी कुटावी, लाडू मुलांनी वळावेत. एकट्या स्त्रीच्या पाठीवर रचलेली भेट स्वस्त नसते, तिची किंमत फक्त दिसत नाही.

दुसरी शंका भाविकांची: त्यांच्या पदार्थांत अंडे असेल तर? मोकळेपणाने, हात जोडून विचारावे. सांगणारा रागावत नाही; ताट नाकारणारा मात्र कायमचा लक्षात राहतो. जे चालत नाही ते बाजूला ठेवावे, जे चालते ते आदराने ग्रहण करावे.

तिसरी शंका शास्त्राची. गीतेच्या सतराव्या अध्यायात जे परतफेडीच्या अपेक्षेवाचून दिले जाते ते सात्त्विक, जे फेडीच्या किंवा फळाच्या आशेने दिले जाते ते राजस, आणि जे अवमानाने दिले जाते ते तामस, असे दानाचे तीन प्रकार सांगितले आहेत. मग ताटाच्या बदली ताट पाठविणे राजस ठरत नाही काय? आमचे मत असे की हिशेब केला तर ते राजसच. चारशेच्या पेटीला चारशेचीच पेटी, असा तोल सांभाळणारा मनुष्य भेट देत नाही, उधारी चुकती करतो. आणि उधारी चुकती झाली की संबंध संपतो. परंतु न्यूऱ्यांच्या ताटात सुंठवड्याची वाटी ठेवणारीने मोजदाद सोडून दिलेली असते. ती फेड करीत नाही, येण्याजाण्याची वाट मोकळी ठेवते. रिकामे ताट परत देऊ नये, या आपल्या वाडवडिलांच्या रीतीचा अर्थ 'तेवढेच परत द्या' असा कधीच नव्हता. पूर्वीच्या बायका काही नसले तर चिमूटभर साखर ठेवीत, तुळशीचे पान ठेवीत. पत्र, पुष्प, फळ, पाणी एवढ्यावर जो संतुष्ट होतो, त्याच्या भक्तांना शेजाऱ्यासाठी महागड्या पेट्यांची गरज वाटावी, हा आपल्याच भक्तीतील उणेपणा आहे.

बायबलातही अशीच एक कथा आहे. मंदिराच्या दानपेटीत श्रीमंत लोक मोठ्या रकमा टाकीत असता एका गरीब विधवेने दोन लहानशी नाणी टाकली. आणि येशू म्हणाले की तिचे दान सर्वांहून मोठे, कारण इतरांनी आपल्या विपुलतेतून दिले, तिने आपल्या उणिवेतून दिले. चार मुठी पोहे आणि दोन नाणी. दोन देश, दोन धर्म, पण साक्ष एकच.

तेव्हा भाविक वाचकहो, या नाताळापूर्वी आपल्या मांडणीवर एकदा नजर टाका. कोणाचे ताट, कोणाचा डबा, कोणाची वाटी लाजेपोटी पडून आहे काय ते पाहा. असेल तर आजच उतरवा, घासून पुसून घ्या, आणि घरात जे असेल ते त्यात ठेवून स्वतः नेऊन द्या. दुसऱ्याच्या हाती पाठवू नका. कांजूरचे ते ताट नंतर संक्रांतीला पुन्हा सूनबाईंच्या घरी आले, आणि तिळगूळ घेऊन परत गेले, असे आम्हांस कळले आहे. ते आता कोणाच्या घरचे आहे, हे त्या दोन घरांनाही सांगता येत नाही.