सातपुड्यातील अंतर तासांत मोजा!

चिकलठाणा, प्रतिनिधी

महाराष्ट्राच्या वायव्य टोकाला, सातपुड्याच्या रांगांत अक्राणी आणि अक्कलकुवा हे नंदुरबार जिल्ह्यातील दोन तालुके आहेत. उत्तरेला नर्मदेचे पात्र आणि त्यापलीकडे मध्य प्रदेश व गुजरात अशी ही राज्याची सरहद्द. नर्मदा महाराष्ट्राच्या वाट्याला येते ती अवघी ५४ किलोमीटर, आणि तीही सीमारेषा म्हणूनच. धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार हा स्वतंत्र जिल्हा झाला. शासन डोंगराच्या जवळ यावे, ही त्यामागील अपेक्षा होती. पाव शतकानंतरही ती अपुरीच का राहिली, हा खरा प्रश्न आहे.

ऑक्टोबर २०२५ मध्ये अस्तंब्याच्या यात्रेहून परतणाऱ्या भाविकांचे वाहन चांदसैली घाटात दरीत कोसळले आणि अनेकांचा बळी गेला. याच घाटात सप्टेंबर २०२१ मध्ये दरड कोसळून रस्ता बंद झाला असता, आजारी पत्नीला खांद्यावर घेऊन एक आदिवासी रुग्णालयाकडे पायी निघाला होता. ती वाटेतच मरण पावली. अशा घटनांनंतर हळहळ व्यक्त होते, पाहणी दौरे होतात आणि विषय मागे पडतो. वस्तुतः या दोन्ही घटनांचे मूळ एकच आहे. तळोद्याहून धडगावकडे जाणारा हा घाट म्हणजे डोंगरातील लोकांची जीवनवाहिनी. ती तुटली की डोंगर उर्वरित महाराष्ट्रापासून तुटतो.

येथील वस्तीची रचनाही मैदानी गावांसारखी नाही. अस्तंब्याचे शिखर १,३२५ मीटर उंच, तर तोरणमाळचे पठार ११०० मीटरच्या वर. या डोंगरउतारांवर भिल्ल आणि पावरा समाजाची घरे आपापल्या शेतात, एकमेकांपासून दूर विखुरलेली असतात. एका गावाचे अनेक पाडे आणि दोन पाड्यांमध्ये एखादी खोल दरी. ज्वारी, मका, भगर आणि मोहाच्या झाडांवर घर चालते. उन्हाळ्यात धडगावचा आमचूर बाजारात येतो. पावसाळी पिके निघाली की अनेक कुटुंबे ऊसतोडीसाठी व मजुरीसाठी गुजरातकडे किंवा तापीकाठच्या मैदानाकडे उतरतात. त्यांच्यासोबत मुलेही जातात आणि शाळेचा पट व प्रत्यक्ष उपस्थिती यांत तफावत पडते.

निकष लोकसंख्येचा, अडचण डोंगराची

शासकीय निकषांनुसार मैदानी भागात ३० हजार लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असते, तर डोंगरी व आदिवासी भागात २० हजारांमागे. उपकेंद्रासाठी हेच प्रमाण अनुक्रमे पाच हजार आणि तीन हजार आहे. म्हणजे सवलत दिली गेली, परंतु मोजमाप लोकसंख्येचेच राहिले. रुग्णाला केंद्रापर्यंत पोहोचण्यास किती वेळ लागतो, हे या लोकसंख्येच्या प्रमाणात दिसत नाही. चिकलठाण्यात जिल्हा सामान्य रुग्णालय आहे आणि शहरातील घाटी रुग्णालय साधारण दहा-बारा किलोमीटरवर. तेवढेच अंतर सातपुड्यात बांबूच्या झोळीतून कापावे लागते, तेव्हा त्याचा अर्धा दिवस होतो.

जिल्ह्याच्या सरासरीनेही डोंगर झाकला जातो. २०११ च्या जनगणनेत नंदुरबारची साक्षरता ६४.४ टक्के, म्हणजे राज्यात सर्वांत कमी होती. परंतु या आकड्यात शहाद्याचा सुपीक तापीकाठही आहे आणि नर्मदाकाठचे पाडेही आहेत. याच जिल्ह्यातील टेंभली गावात २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातील पहिले आधार क्रमांक दिले गेले. २०१८ मध्ये नंदुरबारचा समावेश केंद्राच्या आकांक्षित जिल्ह्यांत झाला. नोंद आणि क्रमवारी पोहोचली. रस्ता मात्र तितक्या वेगाने पोहोचला नाही.

धरणानंतरचा भूगोल

सरदार सरोवराने येथील भूगोलच बदलून टाकला. महाराष्ट्रातील ३३ गावे या प्रकल्पाच्या बुडिताखाली आली. काही कुटुंबे तळोद्याच्या बाजूला वसविण्यात आली, तर काही डोंगरातच वर सरकली. सप्टेंबर २०१९ मध्ये जलाशय प्रथमच पूर्ण भरला. पूर्वी चालत ओलांडता येणाऱ्या नाल्यांत पाणी शिरले आणि काठावरच्या अनेक पाड्यांना होडीशिवाय मार्ग उरला नाही. २०२० च्या टाळेबंदीत चिमलखेडीच्या अंगणवाडी सेविकेने स्वतः होडी वल्हवत बालकांपर्यंत आहार पोहोचविला. तिचे कौतुक देशभर झाले आणि ते योग्यच होते. मात्र एका सेविकेच्या बाहुबळावर व्यवस्था उभी राहू शकत नाही.

या प्रकल्पाच्या १,४५० मेगावॉट क्षमतेतील २७ टक्के वीज महाराष्ट्राच्या वाट्याची आहे. त्या विजेचा लाभ शहरांना आणि औद्योगिक वसाहतींना होतो, तेव्हा तिची किंमत कोणी मोजली याचे भान शहरी वाचकानेही ठेवले पाहिजे. बिलगावच्या ग्रामस्थांनी २००३ मध्ये श्रमदानातून स्वतःचा छोटा जलविद्युत प्रकल्प उभारला होता. २००६ च्या पुरात तो बुडाला. मणिबेली या महाराष्ट्राच्या पहिल्या बुडीत गावापासून धरणाची भिंत आणि त्याखालचा केवडियाचा पुतळा फार दूर नाहीत. पर्यटकांसाठी तेथे उत्तम रस्ते झाले. वरच्या अंगाची गावे अद्याप होडीची वाट पाहतात.

राज्याकडे उपायांचा अनुभव नाही, असे नाही. प्रसूतीपूर्वी गरोदर मातेला आरोग्य केंद्राजवळ मुक्कामास आणणारी ‘माहेरघर’ योजना हे त्याचे उदाहरण. अंतर हाच धोका आहे, हे तत्त्व ती मान्य करते. परंतु घरची लहान मुले, गुरे आणि बुडणारी मजुरी यांची सोय लागल्याशिवाय माता घर सोडत नाही. तेव्हा निकषच बदलायला हवा. रुग्णालयापर्यंत, शाळेपर्यंत आणि स्वस्त धान्य दुकानापर्यंत पावसाळ्यात किती तास लागतात, याची पाडानिहाय मोजणी व्हावी आणि निधीचे वाटप त्यावर ठरावे. होडी ही तेथील एसटी आहे असे मानून तिचे वेळापत्रक, इंधन आणि चालकाचे वेतन अर्थसंकल्पात यावे. घाटाची डागडुजी मे महिन्याअखेर संपलीच पाहिजे.

हायकोर्टात दाद मागायची झाल्यास नर्मदाकाठच्या माणसाला छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठापर्यंत यावे लागते. इतक्या लांबून आलेल्याला न्यायालयात मागावे लागू नये असे बरेच काही आहे. चालता येईल असा रस्ता हे त्यातले पहिले.