हिवाळ्यात समुद्रकिनारी तंबू ठोकताय? रात्री पाणी कुठवर येतं आणि नियम काय सांगतात?

डिसेंबर उजाडला की मुंबई-पुण्याहून कोकणाकडे निघणाऱ्या गाड्यांमध्ये बॅगांसोबत तंबूही दिसू लागतात. अलिबाग, नागाव, काशिद, दिवेआगर, दापोली, गुहागर, तारकर्ली अशा किनाऱ्यांवर मुक्कामाचे बेत ठरतात. पाऊस नाही, उकाडा नाही, समुद्रही शांत दिसतो. त्यात पौर्णिमेची रात्र मिळाली तर काय हवं?

पण नेमक्या याच रात्री किनाऱ्यावर झोपणं धोक्याचं ठरू शकतं. शिवाय हाच हंगाम ऑलिव्ह रिडले कासवांच्या विणीचा असतो. दुसरीकडे, राज्य सरकार कॅराव्हॅन पर्यटनाला प्रोत्साहन देत आहे. मग किनाऱ्यावर तंबू किंवा गाडी लावून राहता येतं का? आणि राहायचं असेल तर नेमकं कुठे?

दुपारी कोरडी असलेली जागा रात्री पाण्याखाली का जाते?

समुद्राला दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते, हे आपण शाळेत शिकतो. अमावास्या आणि पौर्णिमेच्या सुमारास सूर्य, चंद्र आणि पृथ्वी एका रेषेत येतात आणि भरती मोठी होते. तिला उधाणाची भरती म्हणतात. अष्टमीच्या सुमारास येणारी भरती लहान असते, ती भांगाची भरती.

शाळेत फारशी न सांगितली जाणारी गोष्ट अशी की, दिवसभरातल्या दोन्ही भरत्या सारख्या उंचीच्या नसतात. सूर्य आणि चंद्र नेहमीच विषुववृत्ताच्या बरोबर वर नसतात. त्यामुळे दोन भरत्यांपैकी एक मोठी आणि एक लहान होते. मुंबई आणि आसपासच्या किनाऱ्यावर पावसाळ्यात उधाणाची मोठी भरती साधारणपणे दुपारी येते, तर हिवाळ्यात ती मध्यरात्रीच्या सुमारास येते.

डिसेंबर २०२५ मधलं उदाहरण पाहू. ४ डिसेंबरला मार्गशीर्ष पौर्णिमा होती. त्यानंतरच्या दिवसांत मुंबईच्या समुद्राला मोठी भरती येणार असल्याचा इशारा महापालिकेने दिला होता. ५ डिसेंबरच्या मध्यरात्रीनंतर, म्हणजे ६ तारीख लागल्यावर साडेबारा-पाऊणच्या सुमारास भरतीची उंची ५ मीटरच्या वर जाणार होती. त्याच दिवशी दुपारच्या भरतीची उंची मात्र ४ मीटरपेक्षा थोडीच जास्त होती. म्हणजे दोन भरत्यांमध्ये जवळपास पाऊण ते एक मीटरचा फरक.

एक मीटर म्हणजे फार नाही, असं वाटू शकतं. पण कोकणातले अनेक किनारे सपाट आहेत. ५० मीटर चालल्यावर १ मीटर चढ, असा उतार धरला तर पाण्याची पातळी एक मीटरने वाढल्यावर पाणी ५० मीटर आत येतं. दुपारच्या भरतीची ओली रेषा पाहून तिच्यापासून वीस पावलं मागे तंबू ठोकला, तर मध्यरात्री तो पाण्यात असेल. रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडे भरती-ओहोटीतला फरक मुंबईपेक्षा कमी असतो, पण तत्त्व तेच.

यात आणखी एक मेख आहे. पौर्णिमेला भरती बाराच्या सुमारास येत असेल, तर ओहोटी सहाच्या सुमारास असते. मुंबईहून सकाळी निघालेले लोक संध्याकाळी किनाऱ्यावर पोहोचतात, तेव्हा त्यांना दिसतो तो पंधरवड्यातला सर्वांत रुंद किनारा. तंबू लावायला भरपूर जागा आहे असं वाटतं. पुढच्या सहा तासांत ही जागा पाण्याखाली जाणार असते, आणि तोवर सगळे झोपलेले असतात.

तिथीवरून भरतीची वेळ कशी काढतात?

कोकणात मच्छीमार आणि किनाऱ्यावरची जुनी मंडळी यासाठी एक सोपा हिशेब वापरतात. तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची. येणारा आकडा म्हणजे पूर्ण भरतीची अंदाजे वेळ. चतुर्थीला चारची पाऊणपट तीन, म्हणजे दुपारी आणि पहाटे तीनच्या सुमारास भरती. अष्टमीला सहा वाजता. द्वादशीला नऊ वाजता.

यामागे सरळ कारण आहे. भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते आणि पाऊण तास म्हणजे ४५ मिनिटं. ५ डिसेंबर २०२५ ला प्रतिपदा होती. हिशेबाने भरतीची वेळ येते पाऊण वाजता, आणि त्या रात्रीची भरतीही त्याच सुमाराची होती. दरवेळी ती इतकी अचूक जुळत नाही. अर्धा-एक तास इकडेतिकडे होऊ शकतो, म्हणून ठिकाणानुसार भरतीचं वेळापत्रक पाहणं केव्हाही चांगलं. पण हातात फक्त दिनदर्शिका असली तरी रात्री पाणी कधी येणार, याचा अंदाज बांधता येतो.

हिवाळ्यातला समुद्र पोहायलाही वाटतो तितका सुरक्षित नसतो. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या समुद्रात सहलीला आलेले पुण्यातले १४ विद्यार्थी बुडाले होते. लाटा लहान दिसत असल्या तरी ओहोटीच्या वेळी पाण्याची ओढ आतल्या दिशेने असते. अंधारात, किनाऱ्यावर कुणी जीवरक्षक नसताना पाण्यात उतरणं टाळायला हवं.

गाडी वाळूत का रुतते?

रेवदंड्याच्या वाळूत रुतलेली फेरारी बैलगाडीने ओढून काढतानाचा व्हिडिओ २०२४ च्या अखेरीस सगळीकडे फिरला. लोक हसले, पण अशा घटना दर हंगामात होतात. कधी ट्रॅक्टर लागतो, कधी जेसीबी.

ओहोटीनंतर उघडी पडलेली ओली वाळू पायाखाली टणक लागते. कणांमधलं थोडं पाणी त्यांना एकत्र धरून ठेवतं. पण गाडीचं वजन आणि चाकांचे हादरे बसले की कण सरकतात, खालचं पाणी वर येतं आणि चाक खाली जातं. घाबरून ॲक्सिलरेटर दाबला की चाक जागच्या जागी फिरतं आणि स्वतःच खड्डा खणतं. वरची कोरडी वाळू तर आणखी भुसभुशीत असते.

कॅराव्हॅनच्या बाबतीत अडचण मोठी आहे. मिनीबसच्या सांगाड्यावर बांधलेल्या, पाण्याच्या टाक्या, पलंग, स्वयंपाकघर आणि शौचालय असलेल्या गाडीचं वजन तीन टनांच्या पुढे जाऊ शकतं. ती अडकली की मदत येईपर्यंत भरती थांबत नाही. खारं पाणी इंजिन आणि वायरिंगमध्ये शिरलं, तर गाडी बाहेर निघाली तरी खर्च सुटत नाही.

मग तंबू आणखी मागे लावला तर?

भरतीपासून वाचायचं तर मागे सरकायचं, हे साहजिकच आहे. किनाऱ्यावर वाळूच्या टेकड्या सुरू होतात, तिथे जमिनीलगत पसरलेली जांभळ्या फुलांची एक वेल दिसते. तिचं मराठी नाव मर्यादवेल. समुद्राचं पाणी एरवी जिथवर येतं, तिच्या मागे ही वेल वाढते. तिची मुळं वाळू धरून ठेवतात. ही वेल दिसली की समुद्राची हद्द कुठे संपते, ते कळतं.

पण ऑलिव्ह रिडले कासवाची मादीसुद्धा अशीच जागा शोधत असते. नोव्हेंबर ते मार्चच्या काळात ती रात्री किनाऱ्यावर येते, भरतीच्या रेषेच्या वर साधारण दीड फूट खोल खड्डा करून शंभरच्या आसपास अंडी घालते आणि समुद्रात परतते. पिल्लं बाहेर यायला साधारण ४५ ते ६० दिवस लागतात. तंबूला सुरक्षित असलेला पट्टा आणि कासवाच्या घरट्याचा पट्टा असा एकच आहे.

माणसांची वर्दळ आणि उजेड दिसला तर मादी अंडी न घालताच परत फिरू शकते. गाडीच्या चाकांनी घरट्यावरची वाळू दाबली जाते. शेकोटीने ती तापते. पिल्लं बाहेर येतात तेव्हा उजळ दिसणाऱ्या क्षितिजाकडे, म्हणजे एरवी समुद्राकडे, धावतात. मागे तंबूचे दिवे असतील तर ती उलट्या दिशेने जातात. चाकांच्या खोल चाकोऱ्यांतही ती अडकतात.

वेळासमध्ये २००२ पासून सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने गावकऱ्यांसोबत कासव संवर्धनाचं काम सुरू केलं आणि पुढे ते वन विभागाच्या मदतीने इतर किनाऱ्यांवर पसरलं. जानेवारी २०२५ मध्ये गुहागरच्या किनाऱ्यावर अंडी घालायला आलेल्या एका मादीच्या अंगावर टॅग आढळला. तो २०२१ मध्ये ओडिशात लावलेला होता. पूर्व किनाऱ्यावरून निघालेलं कासव पश्चिम किनाऱ्यावर अंडी घालायला आलं होतं. संशोधकांसाठीही ही महत्त्वाची नोंद होती.

कायदा काय सांगतो?

‘तंबू म्हणजे काही बांधकाम नाही, मग परवानगी कसली?’ असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात एकाहून अधिक कायदे लागू होतात.

सागरी किनारा नियमन क्षेत्र, म्हणजे सीआरझेडच्या नियमांनुसार कासवांच्या विणीच्या जागा सीआरझेड-१ए या सर्वांत संवेदनशील गटात येतात. सौंदर्यीकरण किंवा करमणुकीसाठी वाळूच्या टेकड्या सपाट करायला मनाई आहे. २०१९ च्या अधिसूचनेने किनाऱ्यावर शॅक, स्वच्छतागृह, कपडे बदलण्याच्या खोल्या अशा तात्पुरत्या सोयींना वाव दिला. मात्र त्याही भरतीच्या रेषेपासून किमान १० मीटर दूर असायला हव्यात.

ऑलिव्ह रिडले हे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतलं कासव आहे. या कायद्यात ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येत सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंड्यांचं नुकसान करणं किंवा घरट्याला धक्का लावणं हेही येतं. किनाऱ्यामागची सुरूची बनं बऱ्याच ठिकाणी वन विभागाच्या ताब्यात असतात. तिथे विनापरवाना मुक्काम किंवा शेकोटी करता येत नाही.

शेजारच्या गोव्याने ऑक्टोबर २०२२ मध्ये आदेश काढून किनाऱ्यावर गाडी चालवणं आणि उघड्यावर स्वयंपाक करणं यावर बंदी घातली. दंड ५ हजार ते ५० हजार रुपये ठेवला. महाराष्ट्रात अडचण अशी की, किनाऱ्याचा कारभार महसूल, वन, मेरीटाइम बोर्ड, पर्यटन, ग्रामपंचायत आणि पोलीस यांच्यात विभागलेला आहे. त्यामुळे एका गावात गाडी अडवली जाते आणि शेजारच्या गावात तीच गाडी थेट पाण्यापर्यंत जाते.

सरकारच्या दोन भूमिका एकमेकांना छेद देतात का?

महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणलं. जिथे हॉटेलं नाहीत किंवा बांधता येत नाहीत, तिथेही पर्यटकांना राहता यावं, हा त्यामागचा विचार. किनारपट्टीला तो तंतोतंत लागू पडतो.

२०२५ मध्ये नागाव, श्रीवर्धन, लाडघर, गुहागर आणि डहाणूचा पारनाका या पाच किनाऱ्यांची नावं ‘ब्लू फ्लॅग’ या आंतरराष्ट्रीय मानांकनाच्या संदर्भात जाहीर झाली. या मानांकनाच्या निकषांमध्ये किनाऱ्यावर विनापरवाना कॅम्पिंग आणि वाहनं चालवण्यास मनाई असणं हाही एक निकष आहे.

वरवर पाहता या दोन गोष्टी परस्परविरोधी वाटतात. पण कॅराव्हॅन धोरणाचा कणा आहे तो कॅराव्हॅन पार्क. पाणी, वीज, रस्ता आणि सांडपाण्याची सोय असलेली ठरलेली जागा. गाडी थेट वाळूत नेऊन उभी करावी, असं धोरण म्हणत नाही. प्रश्न आहे तो किनाऱ्यालगत अशा जागा पुरेशा उपलब्ध होण्याचा. त्या नसतील तर गाडीतल्या शौचालयाची टाकी कुठे रिकामी होणार, याचं उत्तर चांगलं नसेल.

मग मुक्काम कुठे करायचा?

कोकणात याचं उत्तर आधीपासून आहे. बहुतेक किनाऱ्यांच्या मागे नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत. तिथे घरगुती मुक्कामाची सोय असते, काही ठिकाणी वाडीतच तंबू लावू देतात. विहिरीचं पाणी, शौचालय आणि गरम जेवण मिळतं. लाटांचा आवाज तिथेही येतो. पैसे थेट गावात राहतात, आणि वर्षाची कमाई चार-पाच महिन्यांत करावी लागणाऱ्या कुटुंबांसाठी ते महत्त्वाचं आहे.

तरीही किनाऱ्याजवळ राहणार असाल तर काही गोष्टी आधी पाहाव्यात. ग्रामपंचायत किंवा स्थानिक पोलिसांकडे परवानगीची चौकशी करावी. त्या रात्रीच्या भरतीची वेळ आणि उंची पाहावी. कासवांची घरटी आहेत का, हे गावातल्या कासवमित्रांना विचारावं. गाडी डांबरी रस्त्यावरच ठेवावी. रात्री दव भरपूर पडतं, त्यामुळे तंबूला वरचं आच्छादन हवंच. थंडी वाजते म्हणून बंद तंबूत किंवा गाडीत कोळशाची शेगडी ठेवू नये. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो आणि झोपेत जीव जाऊ शकतो.

पौर्णिमेचा समुद्र पाहायला किनाऱ्यावर जरूर जावं, भरती चढताना पाहावी. झोपायला मात्र मर्यादवेलीच्या बरंच मागे, वाडीत यावं.