टाचणात न बसलेला ‘काल’

आपल्या कॉलेजातून मराठी घेऊन बी. ए. झाले आणि वडिलांच्या बदलीमुळे बडोद्याला आले. इथे बी. एड. ला नाव घातले आणि एम. ए. मराठी बाहेरून द्यायचे ठरवले. ‘दोन दगडांवर पाय ठेवू नकोस,’ असे आमच्या सरांनी निघतानाच बजावले होते. परंतु नुसत्या एम. ए. वर शाळेत नोकरी मिळत नाही आणि नुसत्या बी. एड. ने मराठी येत नाही. तेव्हा दगड दोनच होते, तिसरा कुठून आणायचा?

२०१४ च्या नियमांनी बी. एड. दोन वर्षांचे झाले. त्यात वीस आठवडे शाळेत काढायचे. त्यांपैकी सोळा दुसऱ्या वर्षात. या काळात हजेरी नव्वद टक्के हवी. आठवड्याचे सहा दिवस धरले तर सोळा आठवड्यांचे शहाण्णव दिवस होतात, म्हणजे गैरहजर राहायला जेमतेम नऊ दिवस. चार दिवस मी तापाने झोपून होते. एम. ए. चे परीक्षाकेंद्र महाराष्ट्रात आणि पेपर चार. जाऊन येऊन आठवडा हवा. उरले होते पाच दिवस. रजेचा अर्ज केला, तो ‘नियमात बसत नाही’ असा शेरा घेऊन परत आला. शेवटचा पेपर सोडून मी गाडीत बसले. तो पेपर भाषाविज्ञानाचा होता.

आता त्याच महिन्यातली एक गोष्ट सांगते.

मराठी माध्यमाच्या शाळेत सातवीला ‘काळ व त्याचे प्रकार’ हा पाठ होता. रात्री एक वाजेपर्यंत बसून टाचण काढले होते : पूर्वज्ञान, हेतुकथन, विषयविवेचन, उपयोजन, गृहपाठ. (या पायऱ्यांचे मूळ हर्बार्ट या जर्मन तत्त्वज्ञाकडे जाते. तो १८४१ साली वारला. पायऱ्या त्याच्या शिष्यांनी पक्क्या केल्या आणि आपण अजून त्यांवरून चढतो आहोत.) पाठ सुरू झाला आणि एक मुलगा उभा राहून म्हणाला, “टीचर, काल मी शाळेत येणार नाही, मामाचं लग्न आहे.”

चारपाच मुले हसली. बाकीच्यांना ती का हसतात तेच कळेना. मीही आधी हसले. मग लक्षात आले की मुलगा चुकला नव्हता, तो गुजरातीत विचार करत होता. गुजरातीत ‘काले’ म्हणजे गेलेला दिवसही आणि येणारा दिवसही. फोड करायचीच झाली तर ‘गईकाले’ आणि ‘आवतीकाले’. घरी मराठी, गल्लीत गुजराती, टीव्हीवर हिंदी. तिथल्या ‘कल’चीही तीच तऱ्हा. मी टाचण बाजूला ठेवले आणि फळ्यावर तीन ओळी लिहिल्या : मराठीची, गुजरातीची, आणि आपल्याकडची ‘निन्ने’ व ‘नाळे’. बडोद्याच्या त्या मुलांनी कन्नड प्रथमच ऐकली असावी. ‘नाळे, नाळे’ म्हणत वर्ग डोक्यावर घेतला. मग विचारले, गुजरातीत शब्द एकच, तर कोणता दिवस ते कळते कशावरून? मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, “येणार म्हटलं की कळतं ना.” काळ क्रियापदात असतो, हे तिने मला सांगितले. मी सांगायच्या आत!

एवढ्यात तास संपला. निरीक्षकांचा शेरा : ‘विषयांतर. उपयोजन व गृहपाठ राहिले.’ गुण कमी पडले. शेरा खोटा नव्हता, गृहपाठ खरेच राहिला होता. पण जे विषयांतर ठरले तोच भाषाविज्ञानातल्या भाषासंपर्काचा धडा होता, आणि तो पेपर मला देता आला नाही.

सरावपाठ नकोत असे म्हणणाऱ्यांपैकी मी नाही. आमच्या वसतिगृहात एकीने श्री अरविंदांचा दाखला दिला : त्यांनी इथल्या बडोदा कॉलेजात फ्रेंच आणि इंग्रजी शिकवले, त्यांनी कुठे ट्रेनिंग केले होते? केले नव्हते, मान्य. पण त्यांच्यापुढे कॉलेजची मुले होती आणि आपण अरविंद नव्हे. शिवाय ज्या संस्थानात सयाजीरावांनी १८९३ साली अमरेली भागात आणि १९०६ पासून सर्वत्र सक्तीचे शिक्षण सुरू केले, तिथे शिक्षकाला शिकवता आले पाहिजे हे वेगळे सांगायला नको. सूक्ष्म अध्यापनाचाही मला फायदाच झाला. सहा मिनिटे शिकवा, सहा मिनिटे टीका ऐका, बारा मिनिटांत पुन्हा आखणी, मग पुन्हा सहा नि सहा. छत्तीस मिनिटांत माणूस नम्र होतो.

माझी तक्रार आहे ती दोन खात्यांच्या अबोल्याची. भाषेचे प्राध्यापक शाळेच्या वर्गात फिरकत नाहीत आणि अध्यापनाचे प्राध्यापक भाषेच्या पेपरांची तारीख विचारत नाहीत. सरावाच्या निदान चार पाठांना भाषेच्या प्राध्यापकांनी मागे बसावे आणि त्यांनीही गुण द्यावेत. वर्गात ऐकलेल्या मुलांच्या बोलीची वही भाषाविज्ञानाचे प्रात्यक्षिक म्हणून धरावी. माझी तशी वही भरली आहे, ती कुणीच तपासत नाही. आणि विद्यापीठाच्या परीक्षेचा दिवस हजेरीतून वगळावा. त्याला खर्च काहीच नाही, एक परिपत्रक पुरते.

तो मुलगा लग्नाहून परतला तेव्हा माझे सोळा आठवडे संपत आले होते. राहिलेला गृहपाठ मी त्याला दिला. भाषाविज्ञानाचा फॉर्म पुन्हा भरला आहे.