पिल्लांच्या खाद्यातील तांबे

युरोपीय महासंघाने २६ जून २०२२ पासून डुकरांच्या पिल्लांना झिंक ऑक्साइडच्या औषधी मात्रा देणे बंद केले. शेतजमिनीत साठत जाणारा धातू आणि प्रतिजैविकांना दाद न देणारे जिवाणू, ही त्यामागची कारणे. निर्णय योग्यच होता. मात्र नेमका हाच आक्षेप ज्याच्यावर आहे, ते तांबे पिल्लांच्या खाद्यात कायम राहिले.

हे तांबे बहुधा मोरचुदाच्या रूपात दिले जाते. आपल्या द्राक्षबागायतदारांच्या परिचयाचे तेच निळे खडे. पिल्लाच्या पोषणाला किलोभर खाद्यात पाच-सहा मिलिग्रॅम तांबे पुरते. ब्रिटनमध्ये राफेल ब्रॉड व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० च्या दशकात दाखवून दिले, की ही मात्रा २५० मिलिग्रॅमपर्यंत नेल्यास जनावर झपाट्याने वाढते. म्हणजे हे पोषण नव्हेच. आतड्यातील जिवाणूंना आवर घालणारे ते स्वस्त औषध आहे. १ जानेवारी २००६ रोजी महासंघात वाढीसाठी प्रतिजैविके देण्यावर पूर्ण बंदी आली, तेव्हा या औषधाचे मोल साहजिकच वाढले.

अडचण अशी, की जिवाणूही धातूशी जुळवून घेतात. डेन्मार्कमधील संशोधकांनी २००२ मध्ये डुकरांच्या आतड्यातील एन्टेरोकॉकस जिवाणूंत तांबे सोसण्याची ताकद देणारे ‘टीसीआरबी’ हे जनुक दाखवून दिले. एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे जाऊ शकणाऱ्या डीएनएच्या ज्या कड्यावर हे जनुक असते, त्याच कड्यावर एरिथ्रोमायसिन व व्हॅन्कोमायसिन यांना निष्प्रभ करणारी जनुकेही आढळली. व्हॅन्कोमायसिन हे माणसांच्या रुग्णालयातील राखीव अस्त्र. प्रतिजैविक बंद झाले तरी खाद्यातील तांब्याच्या आधाराने ते निष्प्रभ करणारी जनुकेही टिकून राहू शकतात, ही यातली मेख आहे.

युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१६ मध्ये पिल्लांच्या खाद्यातील तांब्याची मर्यादा किलोमागे १७० मिलिग्रॅमवरून थेट २५ वर आणण्याची शिफारस केली. २०१८ च्या नियमाने मात्र मधला मार्ग काढला: दूध तुटल्यानंतर चार आठवड्यांपर्यंत १५०, पुढील चार आठवडे १०० आणि त्यानंतर २५. मात्रा एकदम उतरवली तर जुलाब वाढतील आणि पुन्हा प्रतिजैविकांकडेच वळावे लागेल, हा युक्तिवाद यामागे आहे. तो अगदीच पोकळ नाही. पण खाद्यातून गेलेले बहुतांश तांबे विष्ठेवाटे शेतात पोहोचते आणि तेथून परत काढता येत नाही, हेही तितकेच खरे. अशा कुरणावर मेंढ्या चरल्या तर धोका अधिक, कारण तांब्याची विषबाधा त्यांना चटकन होते. चीननेही २०१८ पासून लहान पिल्लांसाठी १२५ मिलिग्रॅमची मर्यादा घातली.

हे जुलाब मुळात होतात का, या प्रश्नाकडे फारसे लक्ष जात नाही. मोकळ्या वातावरणात डुकरीण आपल्या पिल्लांना कित्येक आठवडे हळूहळू दुधापासून तोडते. महासंघाचा नियम किमान २८ दिवसांचा आहे, आणि वेगळ्या स्वच्छ गोठ्याची सोय असेल तर २१ दिवसांनीही दूध तोडण्यास मुभा आहे. कच्च्या आतड्यावर एका दिवसात धान्याचा मारा होतो. मग तांबे हवेच!

स्वीडनने वाढीसाठीची प्रतिजैविके १९८६ मध्येच बंद केली होती. आरंभी तेथेही जुलाब वाढले, जस्ताचा आधार घ्यावा लागला. पुढे खाद्यातील प्रथिने कमी करणे, गोठ्यांची स्वच्छता वाढवणे आणि दूध उशिरा तोडणे यांवर भर देण्यात आला. त्याची किंमत अर्थात पडते. पिल्ले जितके आठवडे जास्त अंगावर पितात, तितकी डुकरिणीची वर्षातील वेतांची संख्या घटते, आणि तो तोटा मांसाच्या भावातून वसूल होईल, याची हमी पाळणाऱ्याला कोणी देत नाही.