मोल टाक्यांचे की गुणाचे?

पाठीच्या कण्यावर शस्त्रक्रिया झाली, टाके निघाले, रुग्ण घरी गेला आणि रुग्णालयाचे देयक चुकते झाले, की प्रकरण मिटले असे आपल्याकडे समजण्यात येते. परंतु त्या माणसाला गुण आला काय? ज्याच्या पाठीवर सारे घर चालते, तो हमाल वर्षभराने पुन्हा ओझे उचलू शकतो काय? त्याला रात्री शांत झोप लागते काय? महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसारख्या सार्वजनिक योजनाही शस्त्रक्रियेमागे ठरावीक रक्कम देतात. म्हणजे मोल मिळते ते केलेल्या कृतीचे. आलेल्या गुणाचे नव्हे.

गुण मोजता येत नाही, ही सबब आता चालणार नाही. इंग्लंडातील ऑस्वेस्ट्रीच्या नावाने ओळखली जाणारी, १९८० साली प्रसिद्ध झालेली दहा कलमांची प्रश्नावली वेदना, चालणे, बसणे, झोप, प्रवास यांचा हिशेब रुग्णाकडूनच घेते. स्वीडनमध्ये तर कण्याच्या शस्त्रक्रियांची राष्ट्रीय नोंदवही आहे. शस्त्रक्रियेपूर्वी आणि त्यानंतर ठरावीक वर्षांनी रुग्ण आपली स्थिती स्वतः लिहून कळवितो. याच नोंदींच्या आधारे स्टॉकहोमच्या प्रादेशिक शासनाने २०१३ साली मोबदल्याची नवी पद्धत लागू केली. संपूर्ण उपचाराची एकच रक्कम. काही बिघाड होऊन पुन्हा उपचार करावे लागल्यास त्याचा भार रुग्णालयावर. आणि मोबदल्याचा काही भाग, वर्षभराने वेदना किती उतरली असे रुग्ण सांगतो, त्यावर अवलंबून!

या मार्गात धोका नाही असे नव्हे. गुणावर पैसे मिळणार म्हटल्यावर वृद्ध, मधुमेही, वर्षानुवर्षे दुखण्याने गांजलेला रुग्ण टाळण्याचा मोह होणारच. म्हणून स्टॉकहोमने प्रत्येक रुग्णाच्या प्रकृतीवरून किती गुण अपेक्षित आहे हे ठरवून, प्रत्यक्ष गुणाची तुलना त्याच्याशी केली. एवढी दक्षता नसेल, तर ही सुधारणाच दुर्बळांवर आपत्ती ठरेल.

यास्तव आमची सूचना अशी की, मोबदल्याच्या पद्धतीस हात घालण्यापूर्वी शासनाने नोंद सुरू करावी. सार्वजनिक पैशातून कण्याची शस्त्रक्रिया झालेल्या प्रत्येकास वर्षभराने, रुग्णालयाने नव्हे तर शासनाने, त्याच्याच भाषेत विचारावे : 'तुम्हांस गुण आला का?' पैसा जनतेचा आहे आणि पाठ त्या गरिबाची आहे. या प्रश्नाच्या उत्तरावर दोघांचाही हक्क आहे.