प्रवेश होईपर्यंत निरोप नको

दहावीचा निरोप समारंभ परीक्षेच्या तोंडावर होतो. मुली साड्या नेसतात, मुख्याध्यापक शुभेच्छा देतात, वर्ग शाळेला भिंतीवरचे घड्याळ भेट देतो आणि शाळेची जबाबदारी संपते. खरा पेच मात्र निकालानंतर उभा राहतो. २०२५ मध्ये राज्याचा दहावीचा निकाल ९४.१० टक्के लागला आणि त्याच वर्षी अकरावीचे ऑनलाइन प्रवेश राज्यभर लागू झाले. म्हणजे बहुतेक मुले उत्तीर्ण होतात. अडतात ती अर्ज आणि पसंतीक्रम भरताना. अकरावी, आयटीआय की तंत्रनिकेतन, हे ठरवताना हाताशी शिक्षक नसतो.

हे पालकांचे काम, असे कुणी म्हणेल. पण घरात दहावी होणारे पहिलेच मूल असेल, तर हा सल्ला अनेकदा सायबर कॅफेवाला देतो. शिक्षकांवर आधीच उत्तरपत्रिका आणि निवडणुकीच्या कामांचा बोजा आहे, हा आक्षेप रास्त आहे. तरीही गुणपत्रिका आणि शाळा सोडल्याचा दाखला घ्यायला मुले शाळेत येतातच. त्याच दिवशी दोन शिक्षक आणि चार माजी विद्यार्थी मार्गदर्शनाला बसवायला फारसा खर्च येत नाही. समारंभ परीक्षेआधी जरूर करा. पण पुढचा प्रवेश पक्का होईपर्यंत शाळेने मुलांचा हात सोडू नये.